छत खाली घेऊ नकोस, काच आत घे

'लक्झरी कूपेचं (दोन दारांच्या गाडीचं) एकास चार, म्हणजे पाव मापाचं क्ले मॉडेल बाजूनं मस्त दिसतं, पण कोपऱ्यातून पाहिलं की गाडीवर खोकं ठेवल्यासारखं वाटतं. छत २० मिमी खाली घेऊ का?' हा तुझा प्रश्न वाचला आणि कॉलेजातली माझी ज्युरी (परीक्षकांपुढे काम मांडायचा दिवस) आठवून पोटात गोळा आला. (अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.)

नको घेऊस. मॉडेलवरचे २० मिमी म्हणजे खऱ्या गाडीत ८०. मागच्या सीटवर मग फक्त लॅपटॉपची बॅग बसेल. दोष उंचीत नाहीच. बाजूच्या काचा वर जाताना आत झुकायला हव्यात आणि वरून पाहिलं तर केबिन मागे निमुळती होत जायला हवी, म्हणजे मागच्या चाकांवरचे खांदे आपोआप बाहेर येतात. साइड व्ह्यूत यातलं काहीच दिसत नाही. मीही महिनाभर भिंतीवर काळ्या टेपनं गाडीच्या रेषा काढत तेवढा एकच व्ह्यू घोटला होता.

हे कळलं तेव्हा सुरी घेऊन काच आत घ्यायला गेलो, तर दोन मिलिमीटरवर आतला फोमचा सांगाडा लागला! हा फोम क्लेच्या थरासाठी सगळीकडून २५-३० मिमी कमी कापायचा असतो. मी भोसरीच्या एका वर्कशॉपला फाइल दिली ती अंतिम पृष्ठभागाची. चूक माझीच. पण त्यांनी ऑर्डर घेताना 'वर क्ले चढवणार का?' एवढं तरी विचारावं? परत गेलो तर 'फाइलमध्ये होतं तेच कापलं.' मग कॉलेजचं पत्र आणा, मग साहेब जेवायला गेलेत, मग सोमवारी या. तीन आठवडे गेले, दुसऱ्या कटिंगचे पैसे वेगळे. शेवटी करवतीनं मीच फोम तासला. तेव्हा आधी एक लांब सुई खुपसून तुझा थर मोज, मगच ठरव.

तू नमुना म्हणून समोर ठेवलेली २०१६ची मेबॅक व्हिजन ६ (मर्सिडीजची कॉन्सेप्ट, म्हणजे प्रदर्शनापुरती गाडी) सुंदरच आहे, पण ती जवळपास पावणेसहा मीटर लांब, चाकं २४ इंची. तिथे केबिन बारीक दिसणारच. माझ्या मते त्यापेक्षा लेक्सस बघ: २०१२ची एलएफ-एलसी कॉन्सेप्ट आणि त्यावरून विक्रीला आलेली एलसी. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून छत आणि काच कुठे हलली ते शोध.

मी हल्ली ट्रॅक्टरचे डॅशबोर्ड करतो, त्यामुळे नव्या सॉफ्टवेअरचं मला विचारू नकोस. तुमच्या सरांचं मत वेगळं असेल तर मार्क तेच देणार आहेत, त्यांचं ऐक.

आणि हो, क्लेत गंधक असेल तर प्लॅटिनम क्युअर (प्लॅटिनममुळे घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनचा साचा घेऊ नकोस, तो नीट घट्ट न होता चिकटच राहतो. ज्युरीला नेताना सव्वा मीटरचं मॉडेल रिक्षात मावत नाही. छोटा हत्ती सांग, खाली जुनी गादी घाल आणि ड्रायव्हरशेजारी न बसता मागे मॉडेलजवळ बस.