पायलट फेल झालाय का? आधी त्या कंसातल्या अकरा जणींचं बोलू

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि २०१८ मधली मीच समोर बसलेली दिसले, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, कंटाळा आला तर सोडून द्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. यांनी पायलट म्हणून, म्हणजे मोठ्या मेन स्टडीआधीची छोटी चाचणी म्हणून, कळव्याच्या एका वस्तीत ३० गरोदर बायका घेतल्या, १५-१५ चे दोन गट, एका गटाकडे आशाताई दर आठवड्याला घरी जाऊन लोहाच्या लाल गोळ्यांबद्दल समजावणार, दुसऱ्याला नेहमीचंच, आणि शेवटी दोन्हीकडचं हिमोग्लोबिन बघायचं. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता, ०.०५ च्या खाली आली की "सिग्निफिकंट" म्हणतात) आली ०.११, गाईड म्हणाले पायलट फेल, आणि आता प्रश्न असा की अजून वीसेक बायका घेतल्या तर सिग्निफिकंट येईल का. आणि मधेच, जाता जाता, कंसात लिहिलंय: (११ जणी मधेच माहेरी गेल्या, त्या काढून टाकल्या).

अहो, तो कंस हाच तुमचा रिझल्ट आहे! काढून काय टाकताय.

आधीच सांगते, मी स्टॅटिस्टिशियन नाही आणि डॉक्टरही नाही, एमएसडब्ल्यू करून बारा वर्षं फील्डवर काढलीत एवढंच. आकड्यांचं जे लिहिलंय ते एखाद्या जाणकाराला दाखवून घ्या. पायलट आणि फिजिबिलिटी यातला फरक वगैरे तुमच्या कोर्समध्ये झालं असेल, त्यात शिरत नाही.

आमचं असं झालं. दिघ्याला डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत बीपीचं काम होतं, आशाताईंनी घरी जाऊन बीपी मोजायचं, गोळ्या चालू आहेत का बघायचं, आठवणीचा फोन करायचा. पायलटला ३८ जण, १९-१९ चे दोन गट. तीन महिन्यांनी वरच्या बीपीत दोन गटांत १० चा फरक दिसला, पी ०.०५ च्या किंचित आत. आम्ही पेढे वाटले हो ऑफिसात, खोटं नाही सांगत.

आता तोच आकडा नीट बघा. बीपीचं माणसामाणसातलं कमीजास्त, म्हणजे एसडी, १५ धरलं तर १९-१९ माणसांवर त्या १० च्या दोन्ही बाजूंना जवळजवळ दहाचीच रेंज येते. म्हणजे खरा फरक शून्याच्या आसपासही असू शकतो आणि वीसही असू शकतो. ही माहिती आहे की पंचांग? पण आम्ही ते १० धरून मेन स्टडीचं सॅम्पल काढलं, ८० टक्के पॉवरला, म्हणजे खरा फरक असला तर तो पकडायची ८० टक्के शक्यता धरून, एका गटात ३६ आले, गळतीचे धरून ४५ केले. खरा फरक ५ असता तर एका गटात १४२ लागले असते, कारण फरक निम्मा झाला की सॅम्पल चौपट होतं. त्यात एका आशाताईची माणसं थोडीफार एकसारखीच असतात, तो क्लस्टरचा हिशोब आम्ही धरलाच नाही, तो धरला की सॅम्पल आणखी वाढतं.

मेन स्टडीला चौदा महिने गेले. शेवटी एकेका गटात ३० च्या आसपास माणसं हातात राहिली आणि फरक आला ३, रेंज उणे पाच ते अधिक अकरा. म्हणजे उपयोग होतो असंही म्हणता येईना आणि होत नाही असंही म्हणता येईना. चौदा महिने, चार आशाताई, आणि माझे गुडघे. (तेव्हा दिघा गाव स्टेशन नव्हतं, ते २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. ऐरोलीला उतरायचं, शेअर रिक्षा, मग चढण. प्रवासखर्च बजेटमध्ये नीट धरा, विद्यार्थी हमखास विसरतात.)

खरी लागली ती गोष्ट पुढची. सगळं आटोपल्यावर कपाट रिकामं करताना पायलटची रजिस्टरं सापडली, ती दोनशे पानी लांब वही असते ना तसली. आमच्या एका आशाताईंना शेवटच्या रकान्यात शेरा लिहायची सवय होती. "रात्री ९ नंतर या." "गावी." "नवरा म्हणतो विचारून सांगतो." "मशीन बघून दार लावलं." "हंडा घेऊन चढून आली, लगेच मोजलं, जास्त आलं." "गोळी पाण्याच्या दिवशी घेत नाही, सारखं जावं लागतं." पानंच्या पानं भरलेली. मेन स्टडीत जे जे आमच्या अंगावर आलं ते सगळं त्या रकान्यात आधीच लिहून ठेवलेलं होतं. आणि एक्सेल बनवताना तो रकाना मीच उडवला होता, टेक्स्ट आहे, अ‍ॅनालिसिसला येत नाही म्हणून. किती दारं ठोठावली तेव्हा ३८ मिळाले याची तर बेरीजसुद्धा कोणी केली नव्हती. मी नंतर केली, १३१. त्यात पुरुष बहुतेक सापडलेच नव्हते, कारण आम्ही जायचो सकाळी अकराला आणि ते कंपनीत.

असं का केलं? अक्कल कमी होती हे आहेच, पण दुसरं कारण एक ऑफिस. कुठलं ते विचारू नका, अजून तिथे कामं पडतात. पुढच्या टप्प्याची मंजुरी तिथून हवी होती आणि त्यांच्या फॉर्मवर एकच चौकोन: पायलटचा निकाल, यशस्वी / अयशस्वी, लागू नसेल ते खोडा. मी कव्हरिंग लेटरमध्ये लिहिलं की फॉलोअपला अडचणी आहेत, वेळ बदलून बघायची आहे, तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, मॅडम अडचणी आहेत तर मग अयशस्वी लिहा ना. अयशस्वी लिहिलं तर फाईल बंद. मग परत या, साहेब मिटिंगला, परत या, हे पत्र जुन्या फॉर्मॅटमध्ये आहे, परत या, आवकचा शिक्का मारणारी व्यक्ती रजेवर. चौथ्या फेरीला मी पी व्हॅल्यू लिहिली आणि "अयशस्वी" खोडलं. दहा मिनिटांत सही! तेव्हा आनंद झाला होता, आता त्या कागदाची झेरॉक्स बघितली तरी डोकं फिरतं. जाऊ दे.

तर तुमच्याकडे येते. पायलटला "उपयोग होतो का" हा प्रश्न विचारायचाच नाही, ते उत्तर द्यायची त्याची ताकद नसते. हे माझं डोकं नाही, कन्सॉर्ट, म्हणजे ट्रायलचा रिपोर्ट कसा लिहायचा याचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यांची पायलट ट्रायलसाठीची वेगळी गाईडलाईन २०१६ मध्ये आली, त्यात परिणामकारकतेसाठी हायपोथिसिस टेस्टिंग (म्हणजे हीच पी व्हॅल्यू काढून निकाल लावणं) करू नका असंच म्हटलंय. गाईडना ती प्रिंट काढून द्या, तोंडी सांगू नका, प्रिंटचा मान वेगळा असतो. त्यामुळे ०.११ आली म्हणून फेल नाही आणि ०.०४ आली असती तरी पास नसता. आणि अजून वीस बायका घेऊन पी परत बघायची आयडिया, प्लीज नको. आकडा मनासारखा येईपर्यंत माणसं वाढवत जाणं याला पी-हॅकिंग म्हणतात, तुम्हालाही माहितीये.

विचारायचं ते हे: किती जणींना विचारलं, किती हो म्हणाल्या, नाही म्हणणाऱ्या का नाही म्हणाल्या, आशाताईंना दर आठवड्याला जाणं खरंच जमलं का की तिसऱ्या आठवड्यापासून फोनवर भागवलं, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मोजता आल्या का. आणि शेवटपर्यंत किती राहिल्या. तुमच्या ३० पैकी १९, म्हणजे ६३ टक्के, आणि ३० वर त्याचीही रेंज साधारण ४५ ते ७८ पडते, तीही लिहा. पुष्कळ जण "एका गटात १२ पुरे" असं ऐकून येतात. तो नियम एसडीसारख्या गोष्टीचा अंदाज घ्यायला आहे, किती टक्के टिकल्या हे सांगायला १२ काहीच नाही.

पुढे जायचं की नाही याचे आकडे सुरू करायच्या आधी लिहून ठेवायचे असतात, सिग्नलसारखे. उदाहरणार्थ ८० टक्क्यांच्या वर टिकल्या तर हिरवा, ६० ते ८० मध्ये काहीतरी बदलून पुढे, खाली गेलं तर थांबा. हे टक्के मी आत्ता चहा पिता पिता लिहिलेत, ढापू नका, तुमच्या विषयाप्रमाणे ठरवा. तुम्ही आधी लिहिले नसतील तर आता मागची तारीख टाकून लिहू नका, थीसिसमध्ये सरळ कबूल करा. परीक्षक ओरडतील, पण कमी ओरडतील.

हिमोग्लोबिनचं एक राहिलं. गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीत रक्तातलं पाणी वाढतं म्हणून एचबी आपोआप खाली येतं, गोळ्या नीट घेतल्या तरी. त्यामुळे कोणाला कितव्या महिन्यात घेतलं आणि कितव्यात मोजलं हे दोन्ही गटांत सारखं आहे का बघा. आमच्या बीपीत उलट होतं, एकदाच मोजून जास्त आलं म्हणून घेतलेल्यांचं पुढच्या वेळी असंच उतरतं, दुसरा गट होता म्हणून ते लक्षात तरी आलं.

पायलटच्या बायका मेन स्टडीत मिसळायच्या का हेही विचारलंयत. तसं आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहिलं असेल आणि मधे काही बदललं नसेल तरच. तुम्ही तर बदलणार आहात, बदलायलाच हवं, तेव्हा नाही. एथिक्स कमिटीची परवानगी पायलटलाही लागते, घेतली असेलच. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही, तिथलं रजिस्ट्रेशन पहिली बाई घ्यायच्या आधी, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून करून देत नाहीत. फुकट आहे, पण वेळ खातं, त्यांच्या शंका येत राहतात.

आता त्या अकरा जणी. सातवा लागला की माहेरी जाणार, ही काही तुमच्या स्टडीची गळती नव्हे, रीतच आहे, आणि नेमकं तेव्हाच तुमचं शेवटचं एचबी आहे. म्हणजे डिझाईनच बदलावं लागेल. मोजणी सहाव्यात आणा, किंवा गोळ्यांच्या पट्ट्या सोबत बांधून द्या आणि फोनवर फॉलोअप ठेवा, किंवा माहेर जवळ असेल तर तिथल्या आशाताईंशी जोडून द्या. यातलं काय जमेल ते माहेर कुठे आहे यावर आहे. शहापूर-मुरबाडचं माहेर असेल तर एक गोष्ट, जौनपूरचं असेल तर पूर्ण वेगळी. म्हणून गाईडकडे जायच्या आधी आशाताईंची वही मागून घ्या आणि त्या अकरा नावांपुढे गाव लिहिलंय का बघा. नसेल तर आजच आशाताईंना फोन करून विचारा, त्यांना तोंडपाठ असतं. इथे फक्त तालुके टाका, नावं नकोत, मग पुढचं बोलू.