बाबांची नस वेगळी निघाली, आता आम्ही पण एमआरआय करायचा का?

प्रश्न: डॉक्टर, मागच्या महिन्यात बाबांचा (वय ६६) चहा पिताना अचानक उजवा हात लुळा पडला, बोलणंच बंद. लगेच नेलं, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं, मग मांडीतून कॅथेटर (बारीक नळी) घालून ती गाठ काढायला गेले पण ते वर चढेचना, शेवटी उजव्या मनगटातून गेले तेव्हा निघाली. आता बऱ्यापैकी बोलतात. डॉक्टर म्हणाले बोवाइन आर्च आहे, जन्मापासूनची. त्यानेच स्ट्रोक आला का? आम्ही भावंडांनी पण एमआरआय करायचा का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: नाही ताई, बोवाइन आर्च हा आजार नाही, धमन्यांची ठेवणच तशी. बऱ्याच जणांची असते आणि जन्मभर पत्ता लागत नाही. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या कमानीवरून डावी कॅरोटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी) सहसा वेगळी फुटते, बाबांची मात्र उजव्या बाजूला जाणाऱ्या फांदीच्या बुंध्यातूनच फुटलीय, त्यामुळे मांडीतून आलेल्या कॅथेटरला तिथे जवळजवळ उलटं वळावं लागतं आणि साठीनंतर धमन्या बऱ्याचदा आधीच नागमोडी झालेल्या असतात, मग ते घसरून परत कमानीत येतं. उजव्या मनगटातून तोच कोन सोपा पडतो. तुमच्या डॉक्टरांनी हट्ट न धरता रस्ता बदलला, हे मला फार आवडलं.

इंजेक्शनला मात्र या ठेवणीने काहीच फरक पडत नाही, ते हाताच्या शिरेतून जातं, फक्त पेशंट शेवटचा ठीक दिसल्यापासून साडेचार तासांत मिळायला हवं. गाठ काढणं सहा तासांत, आणि स्कॅनमध्ये वाचण्यासारखा मेंदू दिसला तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत.

ठेवणीमुळे खरा घोळ होतो तो दुसऱ्याच एका, पर्शेरॉन नावाच्या धमनीत. काही जणांत दोन्ही थॅलॅमसच्या (मेंदूच्या आतला, माणसाला जागं ठेवणारा भाग) मधल्या भागाला ही एकच बारीक धमनी रक्त पुरवते, ती बंद झाली की हातपाय हलतात, तोंड वाकडं नसतं, पण माणूस उठवूनही उठत नाही, आणि साधा सीटी बऱ्याचदा नॉर्मल! घरचे म्हणतात रात्री झोपेची गोळी घेतली असेल. असं झालं तर थांबू नका, तिथे एमआरआय लागतो.

तुमचा एमआरआय? काही त्रास नसेल तर नको. ते पैसे बीपी, शुगर तपासण्यात घाला, आणि भाऊ तंबाखू खात असेल तर ती आधी सोडायला लावा. बाबांच्या सीटी अँजिओची (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनची) सीडी डिस्चार्ज पेपरसोबत ठेवा, म्हणजे परत कधी वेळ आलीच तर पहिल्यापासूनच मनगटाचा विचार होईल. गाठ आली कुठून ते अजून सांगितलं नसेल तर फॉलोअपला होल्टरचं (दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) विचारा, ठोके अनियमित असतील तर औषधच बदलतं.