कनेक्टिव्हिटी मोजण्याआधी कच्चा ईईजी बघ
अल्झायमरच्या रुग्णांच्या ईईजीवर (डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीवर) काम सुरू करते आहेस, तर पहिले दोन आठवडे कोड बाजूला ठेव आणि कच्चे सिग्नल नुसते डोळ्यांनी बघ. पापणी लवली की कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर केवढी लाट उठते, जबडा आवळला की काय होतं, ५० हर्ट्झची विजेची गुणगुण कुठे शिरते, हे ओळखता आलं की पुढची बरीच फसगत टळते.

खरा घोळ कनेक्टिव्हिटीत, म्हणजे मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी जोडलेले आहेत हे मोजण्यात होतो. मेंदूतल्या एकाच स्रोताचं विद्युत क्षेत्र कवटीतून आणि त्वचेतून पसरतं आणि शेजारच्या दोन-चार इलेक्ट्रोडवर एकाच क्षणी उमटतं. साधा कोहेरन्स (दोन सिग्नलचे ताल किती जुळतात याचं माप) त्यालाच घट्ट नातं म्हणून दाखवतो, प्रत्यक्षात तिथे दोन भागांचा संवाद नसतोच. म्हणून कोहेरन्सी या संमिश्र संख्येचा काल्पनिक भाग (imaginary part; नोल्टे, २००४) किंवा फेज लॅग इंडेक्स (एक सिग्नल दुसऱ्याच्या किती सातत्याने पुढे किंवा मागे असतो याचं माप; स्टॅम, २००७) वापर. ही मापं शून्य विलंबाचं साम्य वगळतात. अर्थात, खरोखर एकाच क्षणी जुळलेला ताल असेल तर तोही त्यात हरवतो. ही किंमत माझ्या मते परवडते, पण निबंधात ती स्पष्ट लिही.

आणि रुग्णांची औषधं नोंदव. बेन्झोडायझेपिनने (झोपेच्या, चिंतेच्या गोळ्यांतला एक गट) वेगवान बीटा लहरी वाढतात. डुलकी लागली की जागेपणीचा अल्फा ताल मावळून त्याहून मंद थीटा येतो, आणि अल्झायमरमध्येही लहरी मंदावतातच. म्हणजे नुसते पेंगुळलेले आजोबा तुझ्या आकड्यांत सहज जास्त आजारी ठरतील. रेकॉर्डिंग घेणाऱ्या टेक्निशियन ताईंना विचार, त्यांनी समोर बसून पाहिलेलं असतं.