घरच्या द्राक्षांची वाइन घरच्यांसाठीच केली, तरी गुन्हा?

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. दरवर्षी काढणीला दोन्ही दीर, नणंदा, मुलंबाळं असे सगळे मळ्यावर जमतात. यंदा एक्सपोर्टचा माल पॅकहाऊसला गेल्यावर बारका आणि तडकलेला माल बराच उरला आणि व्यापाऱ्याने त्याला मातीमोल भाव लावला. माझा पुतण्या अमेरिकेहून सुट्टीवर आला होता. तो तिकडे घरी वाइन करतो. त्याच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्यांनी मिळून द्राक्षे तुडवली, दोन निळ्या ड्रममध्ये भरली. साधारण सत्तर लिटर होईल. विकायची अजिबात नाही. मुलीच्या साखरपुड्यात पाहुण्यांना द्यायची आणि पुण्याच्या नणंदेला चार बाटल्या पाठवायच्या, एवढेच मनात होते. पण धाकट्या मुलाने द्राक्षे तुडवतानाचा रील टाकला. त्याखाली गावातल्याच एकाने लिहिले, ‘उत्पादन शुल्कवाल्यांना कळवू का?’ तेव्हापासून घरात कोणाला झोप नाही. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांचे वय ७८. त्यांना त्रास होईल का? आणि पुढच्या वर्षी कृषी पर्यटन सुरू करून पाहुण्यांना हाच अनुभव द्यायचा विचार होता, तो सोडून द्यावा का?
(एक वाचक, दिंडोरी तालुका)

उत्तर : ताई, महाराष्ट्रात परवान्याशिवाय वाइन तयार करणे हा गुन्हा आहे. ती विकली नाही, घराबाहेर गेली नाही, पाहुण्यांना फुकट दिली, तरीही आहे. हे तुम्हाला आधीच स्पष्ट सांगते, कारण तुमच्या पत्रात ‘विकायची अजिबात नाही’ या वाक्यावर सगळा भरवसा ठेवलेला दिसतो आणि नेमका तोच आधार कायद्यात मिळत नाही.

आपल्याकडे लागू आहे तो १९४९ चा दारूबंदी कायदा. पूर्वी तो मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जायचा, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. लोकांना वाटते, दारूबंदी वर्ध्याला नि गडचिरोलीला, नाशिकला तिचा काय संबंध? पण या कायद्याची रचनाच अशी आहे की मूळ नियम बंदीचा आणि परवाना हा त्याला अपवाद. कलम १२ ने दारू तयार करणे, बाळगणे, तिची वाहतूक करणे, विकणे आणि विकत घेणे या सगळ्याला मनाई केली आहे. कलम १३ पुढे जाऊन दारू तयार करण्यासाठी लागणारी भांडी नि साहित्य बाळगण्यालाही मनाई करते. वायनरी, दुकान, परमिट रूम हे सगळे चालते ते परवान्याच्या जोरावर. तुमच्या ड्रमला परवाना नाही, म्हणून तो मूळ बंदीत सापडतो. शिक्षा कलम ६५ मध्ये आहे आणि तीत तुरुंगवास नि दंड दोन्ही येतात.

‘वाइन म्हणजे दारू थोडीच?’ हा प्रश्न मला नाशिककडची माणसे हमखास विचारतात. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा हे वाक्य फार फिरले. पण कायद्यातल्या ‘दारू’च्या व्याख्येत वाइन, बिअर, ताडी यांची नावे घालून उल्लेख आहे, शिवाय अल्कोहोल असलेला कोणताही द्रव तीत येतो. या व्याख्येला पूर्वी आव्हान दिले गेले होते. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधे नि प्रसाधनांपुरती काही बंधने रद्द केली, पण पिण्याच्या दारूवरची बंदी कायम ठेवली.

दुसरा बचाव तुमच्या पुतण्याकडून येईल असे वाटते : ‘आम्ही यीस्ट विकत आणून घातलेच नाही, रस आपोआप आंबला.’ द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतेच, त्यामुळे हे खरेही असेल. पण कायद्याने ‘तयार करणे’ याची व्याख्या करताना प्रक्रिया नैसर्गिक असो वा कृत्रिम, दोन्ही त्यात धरल्या आहेत. द्राक्षे तुडवून रस ड्रममध्ये झाकून ठेवला आणि तो वाइन व्हावा म्हणूनच ठेवला, हे पुरेसे आहे.

पुतण्याला दोष देऊ नका. तो जिथे राहतो तिथले त्याचे ज्ञान बरोबर आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांप्रमाणे एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर वाइन घरच्यासाठी कर न भरता करता येते. अट एकच, विकायची नाही. तशी घरगुती सूट आपल्या कायद्यात नाही. मला स्वतःला ती असायला हवी असे वाटते. ज्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने द्राक्षाला जगभर नेले, त्याने स्वतःच्या बागेतल्या पाच क्रेट मालाची घरात वाइन केली तर त्याच्यावर आणि हातभट्टी गाळणाऱ्यावर एकच कलम लागावे, हे न्याय्य नाही. मात्र यंत्रणा घरगुती दारूकडे इतक्या संशयाने का बघते तेही समजून घ्या. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. आंबवलेली वाइन आणि तो प्रकार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण कलम वाचणारा अधिकारी आधी परवाना मागतो, बाकीचे नंतर. कायदा बदलावा म्हणून द्राक्ष बागायतदारांच्या संघटनेमार्फत जरूर मागणी करा. बदलेपर्यंत मात्र आहे तो कायदाच लागू राहणार.

आता त्या दोन ड्रमचे काय करायचे ते पाहू. तुमच्या पत्रातला सगळ्यांत नाजूक भाग हाच आहे.

रात्री सगळे झोपल्यावर ड्रम ओढ्यात ओतून देऊ, असे कोणीतरी घरात सुचवलेच असेल. तसे करू नका. त्या माणसाने नुसती धमकी दिली की खरोखर तक्रार केली, हे तुम्हाला माहीत नाही. तक्रार झाली असेल आणि त्यानंतर तुम्ही माल नाहीसा केलात, तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत त्याला कलम २३८ आहे. मूळ प्रकरण सौम्य आणि त्यावर लपवाछपवीचा ठपका, अशी स्थिती आणू नका. ड्रम दिरांच्या शेडमध्ये किंवा शेजाऱ्याकडे हलवणे तर याहून वाईट. त्यात वाहतूक होते, ताबा आणखी एका माणसाकडे जातो आणि ज्याचा काही संबंध नाही तो गोवला जातो. पुण्याच्या बाटल्यांनाही हेच लागू. बाटली गाडीत ठेवली की वाहतूक झाली. तिला भेट म्हणा की प्रसाद, फरक पडत नाही.

उद्याच्या उद्या दिंडोरी किंवा नाशिकच्या न्यायालयात फौजदारी कामे पाहणाऱ्या वकिलाकडे जा. जाताना रीलची प्रत आणि त्याखालच्या प्रतिक्रियेचा फोटो घेऊन जा. तक्रार झाली आहे का, हे तो वकील रीतसर काढू शकेल. झाली नसेल तर ताबा कसा संपवायचा हे त्याच्या सल्ल्याने ठरवा. झाली असेल, तर त्याच्यासह स्वतःहून राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन लेखी माहिती देणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. पहिलीच वेळ, विक्री नाही, घरच्या बागेतला माल, स्वतःहून पुढे आलेले कुटुंब : या गोष्टींनी गुन्हा पुसला जात नाही, पण जामीन देताना आणि शिक्षा ठरवताना न्यायालय त्या पाहते. रील खासगी करायला हरकत नाही. फोन फॉरमॅट करणे, जुने मेसेज उडवणे असले काही मात्र मुलाला करू देऊ नका.

तोपर्यंत कोणी अधिकारी मळ्यावर आले तर अडवू नका, वाद घालू नका. ओळखपत्र पाहा, नावे लिहून घ्या. झडती नि जप्तीचे व्हिडिओ चित्रण व्हावे अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, त्याची आठवण शांतपणे करून द्या. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका. किती लिटर लिहिले आहे ते नीट पाहा, आणि नमुना तुमच्यासमोर सीलबंद झाला का तेही. ‘उद्या ऑफिसला येऊन जा’ असा नुसता फोन आला तर लेखी नोटीस मागा, आणि जबाब देण्याआधी वकिलाशी बोला. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला आरोपीला भाग पाडता येत नाही, हे संविधानाच्या कलम २० ने दिलेले संरक्षण तुम्हालाही आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात बजावले आहे. तेव्हा दारात गाडी आली म्हणजे सगळे कोठडीत जाणार, अशी भीती मनातून काढा. अटकपूर्व जामिनाची गरज आहे का, हे तुमचा वकील परिस्थिती पाहून सांगेल.

तुमच्या सासऱ्यांबद्दल. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्याने माणूस आरोपी होत नाही. ड्रममध्ये काय आहे हे त्याला माहीत होते का आणि त्यावर त्याचा ताबा होता का, हे पाहावे लागते. अडचण एवढीच की समाधानकारक खुलासा न देता आलेल्या ताब्यावरून न्यायालयाने गुन्हा गृहीत धरण्याची सोय या कायद्याच्या कलम १०३ मध्ये आहे. म्हणून खुलासा सुरुवातीपासून खरा आणि एकच हवा. म्हाताऱ्या माणसाला घाबरवून ‘सगळे मीच केले’ असे म्हणायला लावणे, किंवा पुतण्या परदेशी परत गेला म्हणून सगळे त्याच्यावर ढकलणे, दोन्ही टाळा.

तुम्ही विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. रीलमध्ये मुले द्राक्षे तुडवताना दिसत असतील. तुडवण्यात गैर काही नाही. पण आंबलेल्या रसाचा घोटभर ‘चाखून बघ’ म्हणून कोणा लहानग्याला दिला असेल, तर प्रकरण एकदम गंभीर होते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी नि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तसे झाले असेल तर ते वकिलापासून लपवू नका. झाले नसेल, तर यापुढेही होऊ देऊ नका. महाराष्ट्रात परवान्याची वाइनसुद्धा २१ वर्षे पूर्ण झालेल्यालाच देता येते.

साखरपुड्यात वाइन ठेवायची असेल तर मार्ग सोपा आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून कार्यक्रमापुरता एक दिवसाचा परवाना काढा आणि वाइन परवानाधारक विक्रेत्याकडून बिलासह घ्या. पिणाऱ्याकडे पिण्याचा परवाना हवा असेही आपला कायदा म्हणतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. बहुतेक लोक तो काढत नाहीत, पण तुम्ही आधीच एकाच्या नजरेत आला आहात, तेव्हा यंदा तरी कागद पुरे ठेवा.

कृषी पर्यटनाचा बेत सोडू नका. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होते. ती नोंदणी म्हणजे वाइन करण्याचा किंवा पाजण्याचा परवाना नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवा. पाहुण्याने मुक्कामाचे पैसे दिले आणि तुम्ही ‘घरची वाइन फुकट’ म्हणून पेला पुढे केलात, तर ते फुकट होते हे कोणाला पटवून देणार? काढणी दाखवा, घड खुडू द्या, तुडवायलाही द्या. तुडवलेला रस त्याच दिवशी खतखड्ड्यात गेला पाहिजे. पिण्यासाठीचा रस वेगळा, स्वच्छ यंत्रावर काढून लगेच गरम करून बाटलीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर मार्चच्या उन्हात तो दोन दिवसांत फसफसायला लागेल आणि प्रश्न पुन्हा तिथेच येईल. रस विकणार असाल तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी लागेल. तडकलेल्या मालात जे मणी खराब झालेले नाहीत ते निवडून बेदाणा करा, त्याला उत्पादन शुल्काचा काही संबंध नाही.

आणि स्वतःच्या बागेच्या द्राक्षांची वाइन प्यायची हौस खरीच असेल, तर परवाना असलेल्या वायनरीशी करार करून पाहा. विंचूरच्या वाइन पार्कपासून गंगापूर धरणाच्या काठापर्यंत तुमच्या आसपास वायनऱ्या आहेत. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर हा धंदा इथे उभा राहिला तोच शेतकऱ्यांच्या द्राक्षांवर. मात्र त्यांना थॉमसनसारखा खायच्या द्राक्षाचा वाण नको असतो, शेनिन ब्लांक किंवा शिराझसारखे वाइनचे वाण लागतात. तेव्हा असा करार करायचा तर एखाद्या प्लॉटवर वाण बदलण्याचा विचार आधी करावा लागेल. कराराचा मसुदा सहीआधी मला किंवा कोणाही वकिलाला दाखवा. नाकारलेल्या मालाची जबाबदारी कोणाची आणि भाव साखरेच्या अंशावर ठरणार की वजनावर, ही दोन कलमे त्यात हमखास मोघम असतात.