आधी प्रमाणपत्र बघ, मग पिक्चर

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत लहानपणीचे तीन पिक्चर ओळीने पाहिलेस, तिन्ही फिके निघाले, आणि ‘झपाटलेला’ तर मध्यंतराच्या आधीच बंद केलास. आता ‘अशी ही बनवाबनवी’ लावायला हात धजत नाही म्हणतोस. नकोच लावूस. निदान महिनाभर तरी नको. सगळ्यात लाडका पिक्चर सगळ्यात शेवटी बघायचा. तोवर दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या पिक्चरांवर हात बसू दे.

पत्रात तू दोष पिक्चरला दिलायस आणि थोडा स्वतःच्या वयाला. माझं म्हणणं, या दोघांआधी कॉपीची झडती घे. जुन्या मराठी पिक्चरच्या ज्या कॉप्या आपल्या हाताला लागतात, त्यांत मूळ पिक्चर किती शिल्लक आहे हे बघितल्याशिवाय निकाल देणं म्हणजे गार झालेली भजी खाऊन आचाऱ्याला नावं ठेवणं.

सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं ना, जे आपण सगळेच पुढे ढकलतो, तिथे थांब. त्यावर पिक्चरची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते, शेजारी रिळांची संख्या. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे सुमारे २७.४ मीटर. तेव्हा मीटरच्या आकड्याला २७.४ ने भाग. ४११५ मीटर असतील तर पिक्चर १५० मिनिटांचा. आता तुझ्या कॉपीची लांबी बघ. १४४ मिनिटं भरली तर काही कापलेलं नसेल, फक्त वेग वाढलाय. त्याचं पुढे सांगतो. १३० भरली तर एक-दोन गाणी आणि चार-पाच प्रसंग गेले असं समज. कात्री बहुतेक गाण्यांवर आणि दोन विनोदांमधल्या जोडप्रसंगांवर चालते. म्हणून कथा धक्के खात पुढे जाते आणि आपण म्हणतो, ‘काय ही पटकथा!’ प्रमाणपत्रच उडवलेलं असेल तर ती कॉपी सोड, दुसरी शोध.

आता वेगाचं. पिक्चर सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे फ्रेमांनी, चालतो. आपल्याकडची टीव्हीची जुनी पॅल पद्धत २५ ची. टीव्हीसाठी किंवा डीव्हीडीसाठी प्रिंट उतरवताना बरेचदा सरळ २५ ने पळवतात, म्हणजे चार टक्के जलद. १५० चे १४४ होतात ते असे. सहा मिनिटांचं काही वाटत नाही, पण आवाजही वर चढतो. पेटीवर पांढरी एक ते काळी एक जेवढं अंतर, त्याच्या सत्तर टक्के. खर्जातला बापमाणूस किंचित किरटा होतो, गाणं चुकल्यासारखं वाटतं, आणि नेमकं काय बिनसलंय ते कळत नाही. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये बघत असशील तर वेग ०.९६ कर. मात्र व्हीएलसी आपणहून पट्टी जिथल्या तिथे ठेवतं, त्यामुळे ऑडिओच्या सेटिंगमधलं टाइम-स्ट्रेचिंग बंद कर, तरच आवाज मूळ पट्टीवर उतरेल. फाइलची माहिती २५ दाखवते म्हणून लगेच वेग कमी करू नकोस. कधी चौकटी दुहेरी टाकून २५ भरलेल्या असतात आणि वेग बरोबरच असतो. मीटरचा हिशेब जुळतो का ते बघूनच हात लाव.

चौकटीचा आकार हा तिसरा घोळ, आणि हा सगळ्यात जास्त नासाडी करतो. ‘धडाकेबाज’ (१९९०) सिनेमास्कोपमध्ये काढलेला आहे. ती चौकट उंचीच्या २.३५ पट रुंद. जुन्या चौकोनी टीव्हीत ती उंचीला पुरी बसवली, तर रुंदीतला ५७ टक्के भागच उरतो. दोघं बोलत असतात आणि एकाचं नाकच दिसतं. दिग्दर्शक महेश कोठारेंनी रुंद पडद्यासाठी मांडलेली गर्दी, घोडे, मारामाऱ्या कडेला कापल्या जातात, आणि लहानपणी ‘केवढं मोठं’ वाटलेलं आता कोंदट वाटतं. याच्या उलट, चौकोनी कॉपी आजच्या रुंद टीव्हीवर ताणली की माणसं तेहतीस टक्के जाड होतात. ओळखायला सोपं: पडद्यावर बैलगाडीचं चाक, ताट, घड्याळ, काहीही गोल शोध. अंडाकृती दिसलं की ताणलंय. व्हीएलसीत ‘ए’ दाबून प्रमाण बदलतं, ‘सी’ दाबून कड कापता येते, आणि हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर ‘डी’. कड कापलेली मात्र कुठलंच बटण परत आणत नाही.

यूट्यूबवरच्या काही कॉप्या कॉपीराइटची पकड चुकवायला आरशासारख्या उलट्या केलेल्या असतात. बायकांचा पदर उजव्या खांद्यावर आणि दुकानाच्या पाट्या उलट्या दिसल्या तर लगेच बंद कर. नट डावखुरे वाटत राहतात आणि जीव रमत नाही.

टीव्हीवर बघत असशील तर मधल्या चौकटी स्वतः बनवून घालणारी सोय आधी बंद कर. सोनीत तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावलास की एकदम सगळंच बंद होतं. ती सोय चालू असली की पिक्चर रोजच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. सेट पुठ्ठ्याचा वाटतो, विगची कड दिसते. लहानपणी तू २१ इंची पेटीवर, लांबून, तेही बहुधा जाहिरातींच्या तुकड्यांत पाहिलेलास. बोलक्या बाहुल्यांचे जादूगार रामदास पाध्येंचा तो ‘झपाटलेला’तला बाहुला तात्या विंचू त्या धूसर पडद्यावर जिवंत होता. ५५ इंचांवर, चढवलेल्या झळाळीत, तो बाहुलाच दिसणार. शार्पनेस शून्याजवळ आण आणि दोन पावलं मागे बस. आवाजासाठी साउंडबारचा सराउंड बंद कर. त्या काळचा ध्वनिपट बहुधा एकाच वाहिनीचा, संवाद नंतर स्टुडिओत डब केलेले. सराउंडमध्ये ते बादलीतून बोलल्यासारखे येतात.

इथपर्यंत कॉपी आणि यंत्र झालं. आता तुझ्याकडचं.

लावण्याआधी एका कागदावर त्या पिक्चरमधलं जेवढं आठवतं तेवढं लिहून काढ. दहा-बारा ओळी पुरेत. बघताना प्रत्येक आठवण किती मिनिटाला आली ते पुढे मांड. बहुतेकांच्या कागदावर सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं भरतं. तू सांभाळून ठेवलायस तो पिक्चर तेवढाच आहे; उरलेले सव्वादोन तास तू विसरलेले नाहीस, ते तू कधी नीट पाहिलेच नव्हते. जाहिराती, जेवण, वीज जाणं, आईची हाक. तेव्हा पहिला अर्धा तास संथ गेला तर तो मोडलाय असं समजू नकोस. कोण कुणाचा भाऊ, कुणाचं लग्न कुठे अडलंय, हे तिथे मांडतात. पोराला ते नकोच असतं.

दुसरं, एकटा बघू नकोस. विनोदी मराठी पिक्चर भरलेल्या थिएटरसाठी बांधलेले आहेत. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी ही सगळी रंगभूमीवर घासून आलेली माणसं. वाक्य टाकलं की हशा घेण्यापुरता श्वास सोडायचा, हे त्यांच्या हाडात. त्या दीड-दोन सेकंदांत हजार माणसं हसायची आणि पुढचं वाक्य त्या हशाच्या उतारावर यायचं. तू लॅपटॉपवर कानात बोंडं घालून एकटा बसलास की त्या जागी नुसती पोकळी येते. तुला वाटतं टायमिंग ढिलं आहे. चार-पाच जण जमव. त्यांतला एक तरी पहिल्यांदा बघणारा असू दे, आणि त्याच्याकडे बघून ‘आता बघ हं’ म्हणायचं नाही. यानेच निम्मी मजा मरते. तो हसायचा थांबतो आणि तू त्याचं तोंड बघत बसतोस.

हे सगळं करूनही जे फिकं राहील ते खरंच फिकं आहे. ते तसं म्हणायला लाजू नकोस. अंगावरून, रंगावरून, तोतरेपणावरून केलेले विनोद, पोरीचा पाठलाग म्हणजे प्रेम, थोबाडीत मारली की सरळ होणारी बायको: यावर आपण तेव्हा हसलो, आता आवंढा गिळतो. ‘त्या काळी चालायचं’ एवढं म्हणून झाकू नये. त्यावरून आख्खा पिक्चर टाकूनही देऊ नये. कागदावर त्या जागेपुढे फुली मार आणि पुढे जा.

मग पंधरा दिवसांनी तोच पिक्चर दुसऱ्यांदा लाव. या वेळी कथेकडे बघायचं नाही, एकच खातं धरायचं. ‘झपाटलेला’ घेतलास तर फक्त बाहुला. चौकट त्याला कुठे कापते, हलवणाऱ्या माणसाला कुठे लपायला जागा ठेवली असेल, बाहुला बोलतो तेव्हा शॉट किती लांब टिकतो, सेकंद मोज. भीती परत येणार नाही. पण दिलीप प्रभावळकरांचा आवाज किती भार उचलतो ते ऐकू येईल, आणि ते लहानपणी ऐकू येणं शक्यच नव्हतं.

‘धुमधडाका’ (१९८५) बघणार असशील तर त्याच्या हिंदी भावंडाच्या जोडीने बघ. त्याचं मूळ दिग्दर्शक श्रीधर यांचा तमिळ ‘काधलिक्क नेरमिल्लै’ (१९६४), आणि हिंदीत ‘प्यार किये जा’ (१९६६). सिनेमाचं खूळ डोक्यात गेलेला पोरगा बापाला भुताची गोष्ट सांगतो तो प्रसंग हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश यांचा. तो आणि मराठीतले बेर्डे-शरद तळवलकर एका बैठकीत पाठोपाठ बघ. सांगणारा काय करतो ते आपण बघतोच. तू ऐकणाऱ्याचा चेहरा बघ. घाबरणं किती हप्त्यांनी वाढवलंय ते मोज.

‘बनवाबनवी’ (१९८८) शेवटी. तोही हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) वर बेतलेला, पण वसंत सबनीसांचे संवाद असे आहेत की मूळ शोधायची गरज पडत नाही. लहानपणी तू लुगड्यातल्या सचिन आणि बेर्डेला हसलास. आता पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतोस, अकरा महिन्यांचा करार दर वर्षी नव्याने करतोस. सुधीर जोशींच्या घरमालकाकडे बघ, आणि त्याच्यासमोर सराफ शब्द कसे चघळतात तेही. माझा अंदाज, या वेळी तू पहिल्या वीस मिनिटांतच जास्त हसशील.

पुढच्या पत्रात मोठं काही लिहायला नको. प्रमाणपत्रावरचे मीटर, तुझ्या कॉपीची मिनिटं, आणि तो आठवणींचा कागद फुल्यांसकट, एवढंच पाठव. आकडे जुळत नसतील तर दुसरी कॉपी कुठे मिळते ते मी बघतो.

तुझा,
काका