लेकीचा गुलाब रात्रीत बोडका कोणी केला?

प्रश्न: मी नाशिकची, सध्या लेकीकडे ऑस्टिनला आलेय, टेक्सासमध्ये. रात्री कुंडीतला गुलाब हिरवागार, सकाळी बघते तर नुसत्या काड्या! दुसऱ्या रात्री टॉर्च घेऊन बसले तर तांबूस मुंग्यांची ही रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर छत्रीसारखा पानाचा तुकडा. शेजारीण म्हणते त्या पानं खात नाहीत. मग नेतात कशाला? आपल्याकडे आंब्यावर पानांची घरटी करतात त्या ह्याच का?

उत्तर: काकू, शेजारीण बरोबर सांगतेय. कापताना पानाचा रस थोडाफार पितात पण पानं जातात शेतीला! ही अट्टा टेक्साना जातीची मुंगी; टेक्सास, शेजारचा पश्चिम लुइझियाना आणि मेक्सिकोचा थोडा ईशान्य भाग एवढंच हिचं गाव. रेताड, पाणी न साचणारी जमीन लागते, त्यात कित्येक फूट खोल खोल्या आणि मोठ्या वसाहतीत लाखो मुंग्या. खाली नेलेलं पान पुसून, चावून त्याचा लगदा करतात आणि त्यावर बुरशी वाढवतात, वर स्वतःच्या विष्ठेचं खत. त्या बुरशीला बारीक गाठी येतात, पिल्लं त्यावरच पोसतात. नवी राणी घर सोडते तेव्हा तोंडातल्या पिशवीत त्याच बुरशीचा कण नेते, आपण विरजण नेतो ना तस्संच.

ही शेती पहिल्यांदा ओळखली थॉमस बेल्टने, निकाराग्वात सोन्याच्या खाणीवरचा इंजिनियर होता तो, 1874 च्या पुस्तकात लिहिलंय त्याने. त्याच्याही बागेची ह्यांच्याच भाऊबंदांनी वाट लावली होती, म्हणजे तुम्ही एकट्या नाही :)

आंब्यावरच्या त्या वेगळ्या, कोकणात हुमले म्हणतात त्यांना. स्वतःच्याच अळ्यांच्या रेशमाने पानं शिवतात, शेतीबिती काही नाही. बुरशी पिकवणाऱ्या मुंग्या फक्त अमेरिका खंडांतच सापडतात. आपल्याकडे हे काम वाळवी करते (ती मुंगी नाही, झुरळाच्या नात्यातली आहे!), पावसाळ्यात वारुळाजवळ उगवते ती अळंबी, विदर्भातल्या सात्या, तिच्याच शेतातून वर येतात.

खडूबिडू मारू नका, राणी खूप खाली बसलीये. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा, फांदी भिंतीला टेकू देऊ नका, आणि पाणी रोज बदला नाहीतर डास होतील.