घरी बांधायच्या विमानाला टेलव्हील घ्यावं की नोजव्हील?

प्रश्न: दोन सीटचं विमान घरीच बांधतोय. प्लॅनमध्ये दोन्ही पर्याय आहेत. शेपटाखाली चाक ठेवू की नाकाखाली? नवशिक्याला सोपं कोणतं?

टेलव्हील.

एवढ्यावर थांबणार होतो, पण ‘नवशिक्याला सोपं’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. हेच शब्द मी घरात अकरा वर्षं ऐकतोय. बोलणारा माझा मेहुणा. त्याचं व्हील अलाइनमेंटचं गॅरेज आहे. हात उत्तम, पण चारचाकीच्या पलीकडचं जग त्याला मान्य नाही. भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये आम्ही दोघांनी मिळून विमान बांधायला घेतलं: पंखाला आकार देणाऱ्या लाकडी पट्ट्या म्हणजे रिब, वर कापड, पंख डोक्यावर, रोटॅक्सचं ८० हॉर्सपॉवरचं इंजिन. पहिल्या दिवसापासून त्याचा एकच धोशा, "भावोजी, नाकाखाली चाक घाला, गाडीसारखं सरळ जातं."

जातं सरळ, कोण नाही म्हणतंय? वजन मुख्य चाकांच्या पुढे, म्हणून थोडं तिरकं टेकलं तरी विमान आपणहून सरळ होतं. टेलव्हीलला वजन चाकांच्या मागे. डीमार्टची ट्रॉली उलट्या तोंडाने ढकलून सोडून द्या, गर्रकन फिरते की नाही? तेच. पण ही गोष्ट पायाने, म्हणजे शेपटाची उभी फळी (रडर) वळवणाऱ्या पेडलने सांभाळायची असते, आणि पाय नवशिक्यालाही असतात. मी १९८४ साली पुष्पकवर शिकलो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, ९० हॉर्सपॉवरचं, दोघं शेजारी शेजारी बसायचं विमान; चाक शेपटाखाली. त्याच्या आधी १९५१ मध्ये आपल्या डॉ. वि. मा. घाटगे यांचं एचटी-२ उडालं, तेही टेलव्हील, आणि त्यावर हवाई दलाची पोरं शिकली. ती काय आईच्या पोटातून शिकून आली होती? माझे इन्स्ट्रक्टर इंजिन बंद होईपर्यंत एकच वाक्य बोलायचे, "पाय जागे ठेव." विमान हँगरला बांधेपर्यंत लँडिंग संपलेलं नसतं, हे त्या विमानाने अंगात मुरवलं.

शिवाय नाकाचं चाक दिसतं तेवढं गरीब नसतं. जास्त वेगात नाकावर टेकलं की विमान उड्या मारायला लागतं आणि तिसऱ्या उडीला चाकाचा पाय दुमडतो. मऊ मातीत रुतलं तर विमान थेट पाठीवर. घरी बांधायच्या विमानांतलं आरव्ही-७ आणि आरव्ही-७ए हे एकच विमान, ‘ए’ म्हणजे नाकाखाली चाक. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवा आणि तो पुढचा पाय किती सडपातळ आहे ते बघा. त्याचं वजन, हवेतला त्याचा अडथळा, वर थरथर होऊ नये म्हणून करावी लागणारी व्यवस्था. आणि आपल्याकडे खाजगी धावपट्टी म्हणजे मुरूम. टेलव्हीलचा प्रोपेलर जमिनीपासून चांगला उंच राहतो, खडी कमी खातो.

असो. भांडून भांडून मी जिंकलो, टेलव्हील बसलं. मग त्या रविवारी ओळखीच्या एकांच्या पट्टीवर विमान नुसतं जमिनीवर पळवायला नेलं. उडवायचा कागद हातात नव्हता आणि तसा इरादाही नव्हता. दोन फेऱ्या झकास. तिसऱ्या फेरीत साधारण ४५ किलोमीटरच्या वेगाला डावीकडून झुळूक आली, नाक डावीकडे निघालं. उजवा पाय दिला. तरी फिरतंच. घाबरून थ्रॉटल ओढला, इंजिन मंदावलं, म्हणजे प्रोपेलरची रडरवर येणारी हवाही गेली. पुढचं मला आठवतं ते धूळ, कड्ड असा आवाज, आणि ज्या बाजूने आलो त्या बाजूला तोंड करून उभं असलेलं विमान. विमानाच्या उजव्या चाकाचा पाय वाकडा, उजव्या पंखाच्या टोकाच्या तीन रिब मोडलेल्या, कापड लोंबतंय. मेहुणा पळत आला, मला लागलं का बघितलं, आणि मग म्हणाला, "सांगत होतो ना भावोजी."

पुढचे दोन महिने प्रत्येक श्रावणी सोमवारी, प्रत्येक वाढदिवसाला, हाच विषय. बायकोसुद्धा भावाच्या बाजूने.

रिब करून झाल्या, पाय सरळ करायला काढायचा होता. काढण्याआधी, न वाकलेल्या डाव्या चाकाला मी मीटरभर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी क्लॅम्प केली, विमानाच्या मध्यरेषेवर ओळंबे सोडून जमिनीवर खडूच्या दोरीने रेघ मारली आणि पट्टीच्या दोन्ही टोकांचं अंतर मोजलं. पुढचं टोक १८ मिलिमीटर आत. म्हणजे चाक एक अंश आतल्या बाजूला वळलेलं. टो-इन! चाकं कुणी लावली होती? गॅरेजवाल्याने. मोटारीला थोडं टो-इन देतात म्हणून यालाही दिलं, आणि वर ‘गाडीपेक्षा हलकं आहे’ म्हणून हात सैल सोडला.

आता यात काय होतं ते बघा. विमान डावीकडे वळायला लागलं की सगळा भार बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकावर जातो. ते चाक आतल्या बाजूला वळलेलं असेल तर त्याचं तोंड कुठे? डावीकडेच. म्हणजे ज्या चाकाने आवरायचं तेच चाक वळण आणखी आवळतं. टेलव्हीलला टो शून्य ठेवतात, फार तर किंचित बाहेर. मी ॲक्सलच्या मागे उतरत्या जाडीच्या पातळ चकत्या (शिम) घातल्या, शून्यावर आणलं, आणि पुन्हा त्याच धावपट्टीवर सहा फेऱ्या मारल्या. वारा होता. सहाही सरळ.

मेहुण्याला मोजमापाचा कागद दाखवला. तो म्हणाला, "नोजव्हील असतं तर टो-इनसुद्धा चाललं असतं." हे उत्तर आहे का?

बरं, प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या झुळकेच्या वेळी माझी नजर वेगाच्या काट्यावर होती, पाय उशिरा गेला. पुष्पक सोडून मला तीस वर्षं झाली होती. आणि तुमचं सगळं शिक्षण नाकाखाली चाक असलेल्या सेसना १७२ वर झालं असेल तर आधी टेलव्हील शिकवणारा माणूस शोधा. आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलमध्ये बहुतेक सगळं नोजव्हीलच आहे. नाहीच मिळाला तर गुपचूप नाकाखाली चाक घाला, मी कुणाला सांगणार नाही. हडपसरला ग्लायडिंग केलेलं असेल तर निम्मं काम झालंय, तिथे पाय झोपवून चालत नाही. कागदपत्रांचा वेळही धरा: अमोल यादवांनी मुंबईत गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये प्रदर्शनात होतं, उडवायची परवानगी हातात पडली २०१९ मध्ये. तेवढ्या वेळात पाय तयार होतात.

आणि टो मोजाल तेव्हा जॅकवर उचलून मोजू नका. भार आला की पाय फाकतात आणि आकडा बदलतो. टाकी भरा, दोघांचं वजन आत बसवा, एकदा शेपूट जमिनीवर ठेवून आणि एकदा स्टुलावर उचलून मोजा. दोन्ही वेळा वेगळं येतं. आमच्याकडे दुसऱ्या सीटवर सिमेंटचं दीड पोतं होतं. मेहुणा त्या दिवशी आला नव्हता.